मिनी कूपर १२७५ एस, १/२४ : पावसाळ्यातल्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

प्लास्टिकच्या मॉडेल गाडीच्या किटचा खोका आज उघडला. चार वर्षं माळ्यावर पडून होता. टामिया या जपानी कंपनीची मॉरिस मिनी कूपर १२७५ एस, रॅली आवृत्ती, १/२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी. लाल गाडी, पांढरं छत, दारावर १७७ आणि नंबरप्लेटवर एलबीएल ६डी. म्हणजे १९६७ च्या जानेवारीत मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली राउनो आल्टोनेनची गाडी, शेजारच्या सीटवर हेन्री लिडन. दुसऱ्या क्रमांकावरच्या लान्चिया फुल्व्हियाशी फरक पंधरा सेकंदांहूनही कमी होता. कित्येक दिवस बर्फाळ घाटांतून गाडी हाणायची आणि शेवटी हिशेब सेकंदांचा.

मुहूर्त चुकलाय हे मला माहीत आहे. नाशिकमध्ये पाऊस दारात येऊन उभा असताना कुणी शहाणं माणूस रंगाचं काम काढत नाही. पण सुट्टी आत्ताच मिळाली.

९ जून, रविवार

सगळे भाग भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुतले. साच्यातून भाग सुटावा म्हणून तेलकट पदार्थ लावलेला असतो, तो राहिला तर रंग धरत नाही. वाळत घातले पोह्याच्या चाळणीत. घरातून एक कटाक्ष मिळाला.

फूटपट्टी घेऊन बसले. खरी मिनी ३०५४ मिलिमीटर लांब, १४१० रुंद. चोविसाने भागलं की १२७ आणि ५९. म्हणजे माझ्या मोबाइलपेक्षा आखूड. चाकं दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर, त्यामुळे रिम भरते साडेदहा. शर्टाची गुंडी! अ‍ॅलेक इसिगोनिसने १९५९ साली ही एवढी चाकं निवडली ती जागा वाचवण्यासाठी. इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स इंजिनच्या खालीच तेलाच्या टाकीत बसवला, स्प्रिंगांच्या जागी रबराचे कोन. तीन मीटरच्या गाडीत चार माणसं बसतात ती अशी. सुएझ कालव्याच्या भानगडीत इंग्लंडात पेट्रोलचं रेशनिंग झालं नसतं तर ही गाडी इतक्या घाईने जन्मालाच आली नसती.

१६ जून, रविवार

आज घोळ घातला. सविस्तर लिहिते, कारण पुन्हा कधी मिनी करायला घेतली तर हेच पान आधी वाचायचं आहे.

प्लास्टिकचा साचा दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे जिथे मिळतात तिथे भागावर बारीक कंगोरा उमटतो. रंगाआधी तो घासून काढायचा, हा पहिला धडा. मी बॉडी हातात घेतली, सहाशेचा पॉलिश पेपर घेतला आणि रेडिओवर गाणी लावून घासत सुटले. बॉनेटच्या बाजूचा कंगोरा गेला. मागच्या डाव्या कोपऱ्यावर, छताच्या पन्हळीपासून बंपरकडे उतरणारी एक चांगली जाड रेघ होती. ‘जुना साचा, झिजला असेल,’ असं म्हणत तीही घासली. दीड सेंटिमीटर गेल्यावर बॉडी उलटी केली, तर उजव्या बाजूला तश्शीच रेघ. पुढे दाराच्या अलीकडेही तशीच, दोन्ही बाजूंना.

साच्याचा दोष इतका सारखा नसतो. खऱ्या गाडीचे फोटो काढून बघितले. ती रेघ गाडीचीच.

मिनीच्या पत्र्यांचे जोड बाहेरच्या बाजूला आहेत. इतर गाड्यांत दोन पत्रे आतून वळवून जोडतात, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. इथे कडा बाहेर काढल्या आणि त्या एकमेकींना चिकटवून वेल्डिंग केलं. यंत्राला जागा सोपी, काम स्वस्त, शिवाय आतली तेवढी जागा वाचली. दाराच्या बिजागऱ्याही त्या काळात बाहेरच. शिवण उलटी घातलेला सदरा म्हणा. आणि मी ती शिवण उसवून बसले.

१७ जून, सोमवार

मामांना फोन. मामांनी पस्तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं, इथल्या द्वारका चौकाच्या बाजूला गॅरेज होतं. आता गुडघ्यांमुळे बंद आहे. जुनी गाडी घ्यायची असली की अजून लोक त्यांना सोबत नेतात. ते गाडीभोवती एक फेरी मारतात, नखाने टिचक्या मारतात आणि सांगतात, ‘या दाराला लांबी भरलीय, हा मडगार्ड बदललाय.’ (लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुटी.)

सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “म्हणजे तू चांगल्या गाडीचा ॲक्सिडेंट केलास.”

“हो, मामा.”

“मग आता डेंटिंग कर. रडून पत्रा सरळ होत नाही, पोरी.”

२३ जून, रविवार

डेंटिंग. गेलेली कड परत उभारायची, पण इथे कड अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. लांबी भरून उपयोग नाही, एवढ्या बारीक कडेला ती टिकत नाही, कडक झाली की पापडासारखी तुटते. प्लास्टिकचीच पट्टी हवी. बाजारात तयार पट्ट्या मिळतात, मला यायला तीन आठवडे लागणार होते.

पहिला प्रयत्न श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचा. सुरेख पातळ पट्टी कापली गेली, पण गोंद धरेना. ते पॉलिप्रॉपिलीन, आणि किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन. मॉडेलचा गोंद खरं तर गोंद नसतोच, तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतो. झाकण त्याच्यात विरघळत नाही, मग चिकटणार कसं? श्रीखंड मात्र संपलं.

दुसरा प्रयत्न जुनाच आणि खात्रीचा. ज्या सांगाड्याला सगळे भाग लागून येतात, त्या स्प्रूचा एक तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर धरायचा. ज्योतीत नाही, वर दोन बोटं, आणि फिरवत राहायचं. लकाकी येऊन वाकायला लागला की बाहेर काढून दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. पाकाची तार निघते तसा धागा निघतो. जोरात ओढला तर केसासारखा, हळू ओढला तर सुतळीसारखा. सात-आठ धागे फुकट घालवल्यावर हवा तो मिळाला. प्लास्टिक तेच असल्यामुळे गोंद लागताच बॉडीत मुरला. रात्रभर ठेवून सकाळी हजारच्या पेपरने त्याच्या दोन्ही बाजू चपट्या केल्या.

उजव्या बाजूशी ताडून बघितलं. माझी कड किंचित जाड आहे. किंचितच. पुन्हा घासायला हात शिवशिवत होता, पण गेल्या रविवारची आठवण होती.

३० जून, रविवार

राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दोन हात. प्रायमर मारल्यावर सगळी पापं दिसतात. दोन ओरखडे आणि बॉनेटवर एक खड्डा. लांबी भरली, घासलं, तिसरा हात. कड उभी आहे.

६ जुलै, शनिवार

रंगाची खरेदी. मॉडेलसाठीचे स्प्रे-डबे ज्वलनशील म्हणून कुरिअरवाले विमानाने नेत नाहीत, आणि रस्त्याने कधी येतील त्याचा भरवसा नाही. म्हणून गाड्यांच्या रंगाचं दुकान गाठलं, मामांना घेऊन. लाल रंगाचं नाव टार्टन रेड, छताचं ओल्ड इंग्लिश व्हाइट. ही पांढरी खरं तर पांढरी नाहीच. दुधावरच्या सायीची छटा आहे, आणि शुभ्र पांढरं मारलं की गाडी लगेच खेळण्यातली दिसायला लागते. दुकानदाराच्या यंत्रात साठ वर्षांपूर्वीचे इंग्रजी रंग कुठून असणार? मामांनी मोबाइलवरचा फोटो बाजूला ठेवायला लावला. “स्क्रीनवर रंग बघायचा नसतो.” मी सोबत नेलेल्या मासिकातलं छापील चित्र उन्हात, म्हणजे ढगातून जेवढं आलं तेवढ्यात, धरलं आणि लालमध्ये थेंब-थेंब काळा नि पिवळा टाकायला लावला. दुकानदाराने विचारलं, गाडी कुठली? मामा म्हणाले, “मिनी कूपर.” त्याने किती लिटर म्हणून विचारलं. पन्नास मिली म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

एक इशारा: हा एनसी रंग, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा. त्याचा थिनर पॉलिस्टायरीन खातो. उघड्या प्लास्टिकवर ओला हात मारलात तर पृष्ठभागावर जाळी पडते. खाली प्रायमरचं पूर्ण आवरण हवं आणि पहिले हात इतके कोरडे की भुरभुर पडल्यासारखे. मी आधी आईस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे रंगवते. चमचा पॉलिस्टायरीनचा असला तर उत्तम, बॉडीसारखाच गोलवा असतो त्याला.

१३ जुलै, शनिवार

लाल आधी की पांढरा? डोकं सांगतं, आधी मोठा भाग लाल करून मग छत. तसं करू नये. लाल रंगांतल्या काही रंगद्रव्यांना वरच्या थरातला थिनर लागला की ती त्यात उतरतात आणि पांढरा गुलाबी होतो. लग्नात लाल शालूसोबत पांढरं उपरणं धुतलेल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून छत आधी.

एअरब्रशचं, म्हणजे रंग फवारायच्या पेनाचं, तोंड ०.३ मिलिमीटर, हवेचा दाब १८ पीएसआय. पहिले दोन हात झकास बसले. तिसरा जरा ओला मारला, चकाकी यावी म्हणून. बाहेर संततधार, खोलीतला आर्द्रतामापक ८७ टक्के दाखवतोय हे मी पाहिलंच नाही. पाच मिनिटांत छत निस्तेज झालं, वर दुधट पापुद्रा आला.

भुरी! द्राक्षावर पडते तशीच. नाशिकच्या माणसाला दुसरा शब्द सुचूच शकत नाही.

१४ जुलै, रविवार

मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं: “पावसात मारलास. हात लावू नकोस. येतो.”

कारण असं. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, माठातलं पाणी गार होतं तसाच. हवेत बाष्प ठासून भरलेलं असलं की ते त्या थंड रंगावर दव होऊन बसतं, आणि पाण्यामुळे रंगातला नायट्रोसेल्युलोज फाटतो. नासलेल्या दुधासारखा. जितका थिनर झटपट उडणारा तितकी भुरी जास्त. उपाय म्हणजे सावकाश उडणारा थिनर, ज्याला गॅरेजवाले रिटार्डर म्हणतात. मामांनी रिटार्डरमध्ये थोडासा थिनर घालून नुसताच फवारा छतावर मारायला सांगितला, लांबून, धुक्यासारखा. रंग नाहीच त्यात. वरचा थर पुन्हा मऊ झाला, अडकलेलं पाणी उडायला वेळ मिळाला आणि भुरी डोळ्यांदेखत विरली. मी टाळी वाजवली. मामांनी फक्त चहा मागितला.

यापुढे: रंगाआधी बेडरूममधला एसी पाऊण तास चालू, आर्द्रता ६० च्या खाली आल्याशिवाय एअरब्रश हातात घ्यायचा नाही. रंग मारायचा मात्र खिडकीपाशी मास्क लावून, पंखा बाहेर तोंड करून, आणि तोवर एसी बंद. सुकायला पुठ्ठ्याच्या खोक्यात पंधरा वॅटचा दिवा. हात घातला तर कोमट लागावं, गरम नाही.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी. छत अजून नखाला मऊ लागतं. काही केलं नाही.

२१ जुलै, रविवार

छत झाकलं. पन्हळीलगत दोन मिलिमीटरची पातळ टेप, वर रुंद टेप, उरलेल्या भागावर जुना पेपर. टेपची कड टूथपिकने दाबत पूर्ण फेरी मारली. मग युक्ती: लालच्या आधी त्या कडेवर पुन्हा एक हात पांढऱ्याचाच. टेपखाली जे शिरायचं ते पांढरंच शिरतं, आणि लालला वाट उरत नाही.

लाल: तीन कोरडे हात, दोन ओले. आर्द्रता ५६. थोडा दाणा आला आहे, चाकांच्या कमानींपाशी.

२२ जुलै, सोमवार

टेप काढली. उजवी बाजू सुरीने कापल्यासारखी. डावीकडे, माझ्या त्याच कडेच्या वर, जिथे टेपला चढ घ्यावा लागला तिथे, तांदळाच्या कणीएवढा लाल आत गेलाय. टूथपिकचं टोक थिनरमध्ये ओलं करून, टिपकागदावर टेकवून, टिपून काढला. गुलाबी सावली राहिली, तिच्यावर तीन शून्य नंबरच्या बारीक ब्रशने पांढरा.

४ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे थांबून घासकाम. दोन हजारचा पेपर पाण्यात भिजवून, साबणाचा थेंब टाकून, फक्त सपाट भागांवर. कडा, बिजागऱ्या आणि शिवणींवर टेप लावून ठेवली, कारण तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. मग रबिंग कंपाउंड, जुन्या बनियनच्या चिंधीने. क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मारला नाही. त्या काळच्या साध्या लाल रंगावर क्लिअर नसायचा, आणि लहान गाडीला जाड चकाकी दिली की ती मधात बुडवून काढल्यासारखी दिसते. लाल आता खोल दिसतोय. रात्री दिवा लावून चार वेळा बघून आले.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आतलं काम. काळा-राखाडी, ब्रशने. सीटबेल्ट मास्किंग टेपचे: खरा पट्टा पन्नास मिलिमीटरचा, म्हणजे मला दोन हवा. बकलला फ्यूजच्या तारेचा चौकोन. सकाळी अकराला बसले ते झेंडावंदनाहून आलेली पोरं संध्याकाळी खेळायला गेली तेव्हा उठले. दोन पट्टे झाले.

२५ ऑगस्ट, रविवार

डीकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून गाडीवर सरकवायचे आकडे नि चिन्हं. त्यांचा जुना कागद पिवळा पडला होता. असा कागद खिडकीच्या काचेला चिकटवून आठवडाभर ऊन द्यायचं असतं, पिवळेपणा उडतो. ऑगस्टात ऊन! बारा दिवस लावून ठेवला तेव्हा कुठे बरा झाला.

१७७ दारावर बसवताना बिजागरीचा उंचवटा आड येतो. पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून ब्रशने लावला की डीकॅल नरम होऊन उंचसखल धरतं. उजवं दार पहिल्या फटक्यात. डावं दोनदा सरकलं, एका साताचा कोपरा फाटला, काळ्या रंगाने जोडला.

१ सप्टेंबर, रविवार

दिवे. या गाडीचा चेहरा म्हणजे दिवेच. समोर ओळीने जादा दिवे नसले तर ती इंग्लंडातल्या कुठल्याही शिक्षिकेची मिनी.

मामा आले होते, त्यांना १९६६ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी मॉन्टे कार्लोत पहिल्या तीनही गाड्या मिनी: माकिनेन, आल्टोनेन, हॉपकर्क. चौथी लोटस कॉर्टिना. चारही बाद! कारण हेडलाइट. मिनींच्या मुख्य दिव्यांत नवे क्वार्ट्झ-आयोडिनचे एकाच तारेचे बल्ब होते. एकाच तारेत डिपर होत नाही, म्हणून समोरून गाडी आली की हे मुख्य दिवे बंद करून फॉग दिव्यांवर यायचे. नियमात हे बसत नाही असं परीक्षकांनी ठरवलं आणि पहिला नंबर पाचव्या आलेल्या सित्रोएनला दिला. ती चालवणारा पाउली टोइव्होनेन. पुढच्या जानेवारीत आल्टोनेन पुन्हा आला आणि जिंकून गेला, ती ही गाडी.

मामा बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, “पण डिपर नव्हताच ना गाडीला?”

“मुख्य दिव्याला नव्हता.”

“मग पासिंग नाही होणार. बरोबर केलं त्यांनी.”

माझी सगळी सहानुभूती मिनीकडे, आणि घरातच परीक्षक निघाला.

काचा बसवायला फेविकॉल. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी पडते आणि निघत नाही. फेविकॉल लावताना पांढरा, सुकल्यावर पारदर्शक. दिव्यांच्या वाट्या आतून चंदेरी केल्या. एक काच चिमट्यातून उडाली. फरशी झाडली, चटई झटकली, केराचे कण चाळले. पोह्याच्या चाळणीत.

३ सप्टेंबर, मंगळवार

काच सापडली. माझ्याच गाऊनच्या खिशात.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. मखराशेजारच्या टेबलावर गाडी ठेवलीय, तिथून ती हलवायची नाही अशी मला घरून परवानगी आहे, फक्त दीड दिवसांची. चेसिस परवा रात्री बॉडीत बसवली. आधी मागची बाजू खोचून मग पुढची दाबली, जरा करकर झाली, तुटलं काही नाही. चारही चाकं जमिनीला टेकतात. टायरच्या बाहेरच्या कडेवर खडूची पूड ब्रशने लावली, बर्फातून आल्याचा आव आणायला. फार नाही.

मामा आरतीला आले. गाडी उचलून चष्म्याजवळ धरली. पुढून बघितली, खालून बघितली. छताची रेघ बघून मान हलवली. मग सवयीने, करंगळीच्या नखाने टिक-टिक करत उजव्या बाजूने फिरत मागे आले, तिथून डावीकडे. मागच्या कोपऱ्यावर थांबले. नख त्या कडेवरून एकदा खाली, एकदा वर.

“इथं काम झालंय.”

“दीड सेंटिमीटर,” मी म्हटलं.

“रंगाने नाही कळत,” ते म्हणाले. “हाताला जाड लागते.” आणि गाडी खाली ठेवून मोदक उचलला.

राहिलेलं: मागची नंबरप्लेट, वायपर, डाव्या आरशाची काच.